सोन्याचा हिशेब वेगळा, नाण्याचा हिशेब वेगळा

पत्राचा सारांश: कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोजवळ अनेक वर्षांपासून स्थायिक असलेल्या, पन्नाशीतल्या एका मराठी अभियंत्याचे हे पत्र आहे. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाच्या निमित्ताने ते कलोमा येथे गेले, तिथे ‘गोल्ड रश’चा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी तिकडे लोटलेल्या गर्दीचा, इतिहास पाहून भारावले आणि त्या काळातल्या सोन्याच्या नाण्यांच्या नादी लागले. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे १८५७ सालचे वीस डॉलरांचे एक नाणे त्यांच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी ऑनलाइन बाजारातून ‘१८५२, अर्धा डॉलर’ असे वर्णन असलेले, अस्वलाची छाप असलेले एक चिमुकले नाणेही घेतले. आता एका विक्रेत्याने दूरध्वनीवरून त्यांना चार नाण्यांचा ‘गोल्ड रश संच’ देऊ केला आहे. त्यात १८५१ व १८९९ ची वीस डॉलरांची दोन, १८८१ चे पाच डॉलरांचे एक आणि १८५३ चे एक डॉलरचे एक अशी नाणी आहेत. दोन्ही मुलांच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेपैकी जवळजवळ निम्मी रक्कम त्यासाठी लागेल. पत्नीचा विरोध आहे. “अंगावर घालता येत नाही, अडीअडचणीला सराफाकडे नेता येत नाही, ते सोने कसले?” असे त्या विचारतात, आणि घेतलेलीच आहेत तर निदान दिवाळीत रिठ्याने घासून पूजेत मांडू, नाहीतर पुतळ्यांच्या माळेसारखी ओवून तरी घेऊ, असेही सुचवतात. पत्रलेखकाचे म्हणणे असे की सोने कधी बुडत नाही, दुर्मीळ सोने तर दुप्पट सुरक्षित असते आणि सरकारने उद्या सोने जप्त केले तरी अशी नाणी त्यातून सुटतात. पुण्यात राहणाऱ्या, शिवराई नाणी जमवणाऱ्या वडिलांना पंचाहत्तरीनिमित्त यातले एक नाणे भेट द्यावे, असाही त्यांचा मानस आहे. संच घ्यावा का आणि पत्नीला कसे पटवावे, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार,

तुमचे पत्र वाचताना तुमचा अभ्यास आणि तुमचा उत्साह दोन्ही जाणवले. तरीही संच घेण्याआधी चार गोष्टी शांतपणे पडताळून पाहाव्यात असे मला वाटते, कारण तुमच्या युक्तिवादात दोन वेगवेगळे व्यवहार एकमेकांत मिसळले गेले आहेत. सोने घेणे हा एक व्यवहार आणि जुने नाणे जमवणे हा दुसरा. सोन्यावर आपल्या घराघरांत जो पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास असतो, तो तुम्ही नकळत नाण्याच्या खात्यावर जमा केला आहे. तुमच्या पत्नींना हा घोळ दिसला आहे, म्हणून त्यांचा आक्षेप केवळ हौसेला घातलेला खोडा समजू नका.

प्रथम आकडेमोड करू. १८३७ नंतरच्या अमेरिकेच्या सरकारी सोन्याच्या नाण्यांत ९० टक्के सोने आहे, म्हणजे ती साधारण साडेएकवीस कॅरेटची आहेत. वीस डॉलरांच्या नाण्याचे वजन ३३.४३६ ग्रॅम असते आणि त्यात ३०.०९ ग्रॅम शुद्ध सोने असते. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने बरोबर तीन तोळे. याच प्रमाणात दर डॉलरमागे दीड ग्रॅम शुद्ध सोने येते. तुम्हाला देऊ केलेल्या चार नाण्यांची दर्शनी किंमत वीस, वीस, पाच आणि एक मिळून ४६ डॉलर होते, म्हणून संपूर्ण संचात सुमारे ६९ ग्रॅम शुद्ध सोने आहे. आजच्या शुद्ध सोन्याच्या ग्रॅममागच्या भावाने ६९ ला गुणा, आलेली रक्कम विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून वजा करा आणि जो आकडा उरेल तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. तो आकडा सोन्याचा नाही. तो दुर्मिळतेचा, अवस्थेचा, कथेचा आणि विक्रेत्याच्या नफ्याचा आहे. ‘सोने बुडत नाही’ हे वाक्य त्या आकड्याला लागू पडत नाही. दागिन्यात घडणावळ जाते तशीच ही रक्कम समजा, फरक इतकाच की दागिन्याची घडणावळ सराफ पावतीवर वेगळी लिहून देतो आणि इथे ती कोणी लिहून देत नाही.

शिवाय ते वाक्य सोन्यालाही पूर्णपणे लागू पडत नाही. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला सुमारे ८५० डॉलरपर्यंत गेले आणि १९९९ मध्ये ते २६० डॉलरच्याही खाली आले होते. दुर्मीळ नाण्यांच्या बाजारालाही १९८९ च्या सुमारास गुंतवणूकदारांच्या पैशाने असाच फुगा आला आणि त्यानंतरच्या वर्षांत भाव कोसळले. त्या काळात आवडीने जमवणाऱ्यांच्या संग्रहाची शोभा कमी झाली नाही; मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा ज्यांनी त्यात घातला, त्यांची मात्र अडचण झाली असणार.

आता जप्तीच्या भीतीविषयी. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशाने नागरिकांकडचे सोने सरकारजमा करायला लावले हे खरे आहे, आणि त्यातून संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मीळ नाणी वगळली होती हेही खरे आहे. परंतु १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेत खासगी व्यक्तीने सोने बाळगण्यावरचे निर्बंध उठले आहेत. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका आदेशातल्या सवलतीच्या आधारे आज कोणी तुम्हाला चढ्या भावाने नाणी विकत असेल, तर तो तुम्हाला भीती विकत आहे. दूरध्वनीवरून होणाऱ्या नाणेविक्रीत हा युक्तिवाद वर्षानुवर्षे वापरला जातो. तो कानावर पडला की संभाषण संपवण्यास हरकत नाही.

यापुढचा प्रश्न त्या संचाच्या नावाचा आहे. जेम्स मार्शल यांना कलोमातल्या सटर यांच्या लाकूडगिरणीपाशी सोने सापडले ते २४ जानेवारी १८४८ रोजी, आणि त्यानंतरची सात-आठ वर्षे हा त्या धावपळीचा खरा काळ. त्या हिशेबाने तुमच्या संचातली १८५१ आणि १८५३ ची नाणी त्या काळातली ठरतात. १८८१ आणि १८९९ ची नाणी मात्र ती लाट ओसरल्यावर अनेक दशकांनी पाडलेली आहेत. १८८१ साली एकट्या फिलाडेल्फिया टांकसाळीत पाच डॉलरांची सत्तावन्न लाखांहून अधिक नाणी पाडली गेली. ती आजही मुबलक मिळतात आणि सामान्य अवस्थेत धातूच्या भावाच्या जवळपास विकली जातात. १८५३ चे एक डॉलरचे नाणेदेखील चाळीस लाखांवर पाडले गेले होते. ती नाणी वाईट आहेत असे मुळीच नाही. मात्र ज्या नावाने ती तुम्हाला विकली जात आहेत, ते नाव त्यातल्या निम्म्या नाण्यांना लागू पडत नाही.

दुर्मिळतेबद्दलची तुमची समजूतही थोडी तपासून पाहू, कारण या विषयातला सगळ्यांत रसाळ भाग तोच आहे. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोने होते, पण नाणी नव्हती. जकात अमेरिकी नाण्यांत भरावी लागे, जवळची सरकारी टांकसाळ खंडाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि खाणीवरच्या माणसाला सोन्याच्या भुकटीचे औंसाला सोळा डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळत, तर टांकसाळीत तिचे मोल अठराच्या आसपास भरे. हा फरक खिशात घालण्यासाठी खासगी टांकसाळी उभ्या राहिल्या. नॉरिस, ग्रेग अँड नॉरिस, मॉफॅट आणि कंपनी, बाल्डविन आणि कंपनी, पुढे वास, मॉलिटर आणि केलॉग ही त्यांतली काही नावे. १८५१ मध्ये ऑगस्टस हंबर्ट सरकारी पारखी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत आले आणि त्यांच्या शिक्क्याने पन्नास डॉलरांची अष्टकोनी नाणी निघू लागली. त्यांना ‘स्लग’ म्हणतात; एकेक नाणे पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच वर्षी बाल्डविन यांच्या नाण्यांची कसोटी झाली आणि त्यांत दर्शनी किमतीपेक्षा दोन-तीन टक्के सोने कमी असल्याचे उघड झाले. बातमी पसरताच व्यापाऱ्यांनी ती घेणे बंद केले, लोकांनी ती तोट्यात मोडली आणि बहुतेक नाणी वितळवली गेली. म्हणूनच बाल्डविन यांची नाणी आज अतिशय दुर्मीळ आणि महाग आहेत. ज्या नाण्याचा कस कमी भरला त्याला आज मोठी मागणी आहे, ही गोष्ट तुमच्या पत्नींना अवश्य सांगा. संग्राहकाचा बाजार सराफ कट्ट्याच्या नियमाने चालत नाही, हे त्याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

किती नाणी पाडली यापेक्षा किती उरली, आणि उरलेली किती जणांना हवी आहेत, यावर किंमत ठरते. सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी टांकसाळ १८५४ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी तिथे पाच डॉलरांची अवघी २६८ नाणी पाडली गेली आणि दीर्घकाळ त्यांतली तीनच ज्ञात होती. २०१८ मध्ये चौथे सापडले. मालकाला ते बनावट वाटत होते. तज्ज्ञ संस्थेने ते अस्सल ठरवल्यावर लिलावात त्याला वीस लाख डॉलरांहून अधिक किंमत मिळाली. याच्या उलट बाजूचे उदाहरण तुमच्या स्वतःच्या संग्रहात आहे. १८५७ चे सॅन फ्रान्सिस्कोचे वीस डॉलरांचे नाणे न वापरलेल्या, चकाकत्या अवस्थेत एके काळी क्वचितच दिसत असे. १२ सप्टेंबर १८५७ रोजी ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज वादळात सापडून दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर बुडाले, त्यात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि कॅलिफोर्नियाचे टनावारी सोने तळाला गेले. १९८८ मध्ये सुमारे दोन किलोमीटर खोलीवर त्याचे अवशेष सापडले आणि याच वर्षाची, याच टांकसाळीची, कोरी करकरीत अशी पाच हजारांहून अधिक नाणी वर आली. दुर्मीळ असलेली वस्तू एका मोहिमेने सुलभ झाली. त्या नाण्यांना जहाजाच्या कथेमुळे आजही चांगली मागणी आहे, पण उद्या एखादा नवा साठा सापडल्यास काय होईल हे कोणीही विक्रेता लिहून देणार नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या पट्ट्यातच आपल्या जमिनीवर फिरणाऱ्या एका जोडप्याला पुरलेल्या डब्यांत १,४२७ नाणी सापडली होती, म्हणजे ही शक्यता केवळ कल्पनेतली नाही.

तुमचे १८५७ चे नाणे त्या जहाजातले आहे की बाजारात फिरून झिजलेले आहे, हे पत्रात नाही. जहाजातले असल्यास ते तपासणी संस्थेच्या, तशी नोंद असलेल्या बंद पारदर्शक पेटीत असेल. नसल्यास, आणि विक्रेत्याने केवळ तोंडी तसे सांगितले असल्यास, ती कथा किमतीत धरू नका.

अस्वलाच्या नाण्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. सुट्या पैशांच्या टंचाईमुळे कॅलिफोर्नियात १८५२ पासून पाव, अर्धा आणि एक डॉलरची चिमुकली खासगी नाणी निघाली, आणि १८६४ च्या कायद्याने खासगी नाणी पाडण्यास बंदी आल्यावरही ती लपूनछपून १८८२ पर्यंत निघत राहिली. अस्सल नाण्यावर मूल्याबरोबर ‘डॉलर’ हा शब्द पूर्ण किंवा संक्षेपाने, अथवा ‘सेंट्स’ असे कोरलेले असते. मागे अस्वल आणि कुठेही डॉलरचा उल्लेख नाही, नुसताच ‘अर्धा’ असा आकडा, अशी जी नाणी सर्रास दिसतात, ती बहुधा नंतरच्या काळात स्मरणवस्तू म्हणून केलेली, पितळी किंवा नाममात्र सोन्याची टोकने असतात. तुमचे नाणे भिंगाखाली पाहा. डॉलरचा उल्लेख नसेल, तर परताव्याची मुदत संपण्यापूर्वी ते परत करा. ‘असू दे, दिसायला छान आहे’ असे म्हणून ठेवून घेऊ नका.

इथे आपल्या लोकांच्या एका सवयीविषयी लिहिणे आवश्यक आहे. नाणे संशयास्पद वाटले की आपण ते ओळखीच्या सराफाकडे नेतो. सराफ सोन्याचा कस अचूक सांगेल, परंतु नाणे अस्सल आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लेबनॉनसारख्या ठिकाणी अमेरिकी सोन्याच्या नाण्यांच्या नकला तयार झाल्या आणि त्यांतल्या कित्येकींत सोने पुरेपूर होते. शिवराई होनाच्या नकलांचा सुळसुळाट तुमच्या वडिलांना ठाऊक असेलच; ते तुम्हाला हेच सांगतील की कस आणि छाप या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत. छापेची पारख किती बारीक असते याचा एक नमुना देतो. १८४८ साली कॅलिफोर्नियातून पाठवलेल्या सोन्यापासून फिलाडेल्फियात अडीच डॉलरांची १,३८९ नाणी पाडली आणि गरुडाच्या वर ‘कॅल.’ अशी तीन इंग्रजी अक्षरे ठोकली. ही अक्षरे नाणे साच्यात असतानाच उमटवली असल्यामुळे अस्सल नाण्याची दुसरी बाजू त्या जागी चपटी झालेली नसते. साध्या नाण्यावर ती अक्षरे मागाहून ठोकणाऱ्याला हे साधत नाही.

म्हणून पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारख्या स्वतंत्र संस्थेने तपासून, १ ते ७० च्या श्रेणीत गुण देऊन बंद केलेलीच नाणी घ्या, निदान पहिली काही वर्षे. पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र हातातल्या नाण्याशी ताडून पाहा, कारण आता पेट्यांच्याही नकला होतात. पेटीवर ‘डीटेल्स’ असा शेरा असेल, तर नाणे अस्सल असले तरी घासलेले, डाग दिलेले किंवा दुरुस्त केलेले आहे असे समजावे. त्याची किंमत बरीच कमी असते. यावरून तुमच्या घरातल्या दोन सूचना निकालात निघतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नाणी मांडायला हरकत नाही, पण रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासून मुळीच नाही. आणि माळेसाठी कडी डाखली, तर त्या क्षणी नाणे दागिना होते आणि संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल मुख्यतः धातूपुरते उरते. पत्नींना माळ आवडत असेल, तर सराफाकडून पुतळ्यांची माळच करून घ्या; तो खर्च प्रामाणिक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माझा सल्ला असा आहे की हा संच घेऊ नका आणि लग्नाच्या रकमेला हात लावू नका. लग्नासाठी सोनेच हवे असेल, तर त्यासाठी साधी सोन्याची वळी किंवा चालू काळातली सरकारी सोन्याची नाणी घ्यावीत, ज्यांत धातूवरची जादा रक्कम थोडी असते आणि विकायला ती सोपी असतात. छंदासाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम दोघांनी मिळून बाजूला काढा, आणि ती संपूर्ण बुडाली तरी घरात वाद होणार नाही इतकीच ती ठेवा. त्या रकमेत तुम्हाला खऱ्या काळातले नाणे मिळणारच नाही असे नाही. १८४९ पासूनची एक डॉलरची नाणी वजनाने पावणेदोन ग्रॅमच्या आत असल्याने तुलनेने परवडतात. वीस डॉलरांचे हवे असल्यास १८५० ते १८६६ या काळातला पहिला प्रकार पाहा. त्यावर ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वचन नसते आणि ‘डॉलर’ ऐवजी नुसते ‘डी.’ असते. गरुडाच्या खाली ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्कोचे अक्षर असलेले, मध्यम झिजलेले एखादे नाणे सावकाश शोधा. मॉफॅट किंवा हंबर्ट यांची नाणी तूर्त संग्रहालयांत आणि लिलावांच्या सूचीत पाहून तृप्त व्हा. लिलावात बोली लावलीच, तर हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराकडून आणखी वीस टक्क्यांच्या आसपास आकारले जातात, हे बोलीच्या आधीच धरून ठेवा.

विक्रीचाही विचार आत्ताच करावा. अमेरिकेत अशी नाणी संग्राह्य वस्तूंत मोडतात आणि वर्षाहून अधिक काळ बाळगल्यानंतरच्या नफ्यावर केंद्रीय कर कमाल २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, जो शेअर्सवरच्या दरापेक्षा जास्त आहे. घराच्या सर्वसाधारण विम्यात नाण्यांना मिळणारे संरक्षण बहुधा दोनशे डॉलरांपुरते असते, आणि बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना ठेवींसारखे सरकारी विम्याचे कवच नसते. म्हणून वेगळा विमा, प्रत्येक नाण्याचे छायाचित्र, पावती आणि क्रमांक असलेली वही हे सारे करा, आणि ती वही कुठे आहे हे पत्नींना माहीत असू द्या. मुलांसाठीचा वारसा म्हणून तुम्ही या नाण्यांकडे पाहता, पण त्यांना हा नाद आहे का, हे पत्रात कुठेच आलेले नाही. मुलीचा प्रकल्प संपला तेव्हा तिची उत्सुकताही कदाचित संपली असेल. तिला एकदा विचारा.

तुम्ही ‘इतिहास जवळ ठेवायचा आहे’ असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिन्याला वीस डॉलर कर बसवला होता. मेक्सिको, चिली आणि चीनहून आलेल्यांना त्याचा फटका बसला. कलोमा परिसरातल्या मूळ निसेनान लोकांची तर त्या लाटेत वाताहत झाली. परदेशातून येऊन तिथे स्थायिक झालेल्या तुमच्यासारख्या माणसाच्या संग्रहाच्या वहीत ही माहितीही असावी असे मला वाटते.

पत्नीला कसे पटवावे, या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, कारण त्यांना पटवण्याची गरज नाही. सोने म्हणून हा व्यवहार महाग आहे हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि नाणे म्हणून त्यात आनंद आहे हे तुमचे म्हणणेही बरोबर आहे. वर सांगितलेली वजाबाकी दोघांनी एकत्र बसून करा. उरलेल्या आकड्यासमोर ‘ही माझी हौस आहे’ असे तुम्ही स्वतः म्हणालात, तर निम्मा वाद तिथेच मिटेल. तुम्ही त्याला गुंतवणूक म्हणता म्हणून तो वाढतो.

वडिलांच्या भेटीबाबत मात्र घाई करू नका. भारतात परतणाऱ्या प्रवाशांना सोन्यासाठी मिळणारी करमुक्त सवलत दागिन्यांपुरती आहे, नाण्यांना नाही. त्यामुळे नाणे विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावे लागेल आणि प्रवासाला निघण्यापूर्वी चालू नियम सीमाशुल्क विभागाकडून पाहून घ्यावे लागतील. दुसरे असे की शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या व्याख्येत येतात आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पुण्याला गेलेले नाणे पुढे मुलांसाठी कॅलिफोर्नियात परत आणायचा विचार असेल, तर ते नेण्याआधीच या कायद्याच्या जाणकाराला विचारा. त्यापेक्षा वडिलांना कॅलिफोर्नियाला बोलवा, त्यांच्या हातात भिंग द्या आणि अस्वलाचे नाणे परत करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे त्यांना पाठवा. शिवराईवर नजर तयार झालेल्या माणसाला त्या छापेत काय खटकते, हे तुम्हाला या आठवड्यातच कळेल.